घरचा दादा, खालचा दादा

लेबलताईंचं खरं नाव त्या लॅबमध्ये फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. एकोणीस वर्षं त्यांचं काम एकच. रक्ताची नळी आली की तिच्यावरच्या चिठ्ठीवर पेशंटचं नाव, वय, तारीख आणि तपासणी लिहायची. अक्षर मोत्यासारखं. ‘लघवी’ हा शब्दसुद्धा त्यांच्या हातून उतरला की निमंत्रणपत्रिकेवर शोभेल असा दिसायचा.

मी तिथला कॉम्प्युटरवाला. आठवड्यातून तीन दिवस जायचो, बंद पडलेलं चालू करायचो आणि चालू असलेल्याला कुणी हात लावू नये म्हणून ओरडायचो. ताई मला “अहो कॉम्प्युटर” अशी हाक मारायच्या. सुरुवातीला मला राग यायचा. नंतर सवय झाली, रागाचीही आणि हाकेचीही.

लेबलं लावण्याचा त्यांना नादच होता. एकदा त्यांच्या घरी कॉम्प्युटर जोडायला गेलो, तर साखरेच्या डब्यावर ‘साखर’ होतं, ते ठीक. पण एका खणावर ‘चाव्या’ आणि खालच्या खणावर ‘कशाच्या ते माहीत नाही अशा चाव्या’ असं लिहिलेलं होतं. मी प्लग लावला आणि अख्ख्या घराची वीज गेली. ताईंनी शांतपणे खिडकीतून खाली हाक मारली, “दादाऽ!”

खालच्या मजल्यावर इलेक्ट्रिशियन राहायचा. सगळी गल्ली त्याला दादा म्हणायची. पण हाकेसरशी आतल्या खोलीतून ताईंचे थोरले भाऊ बाहेर आले. हातात पेपर, कपाळावर चष्मा.

“काय गं?”

“तुला नाही रे. खालच्या दादाला.”

“मग मला कशाला हाक मारलीस? मला विजेतलं काय कळतंय?”

“म्हणूनच तुला नाही मारली!”

हे त्यांच्या घरात महिन्यातून दोनदा तरी होत असणार, कारण दोघंही पाठ केल्यासारखं बोलत होते. भावाचे गुडघे गेलेले, नोकरी कधीचीच सुटलेली. दोघांचं घर ताईंच्या एका पगारावर चाललं होतं.

आणि नेमकी तीच नोकरी जायची वेळ आली. लॅबच्या मालकीणबाई, म्हणजे आमच्या डॉक्टर मॅडम, यांच्याकडे एक टायवाला यायला लागला. त्याच्या कंपनीचं बारकोडचं यंत्र, त्यांचाच प्रोग्राम, चालवायला माणूसही त्यांचाच. मी मॅडमना विचारलं, “मग ताईंचं काय?” त्या म्हणाल्या, “बघू.” वरिष्ठ माणूस ‘बघू’ म्हणाला की समजावं, त्याचं बघून झालंय.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताई डबा घेऊन माझ्यासमोर बसल्या. “मला प्रोग्राम लिहायला शिकवा.”

मी हसलो. हसायला नको होतं. म्हणालो, “ताई, प्रोग्रामची भाषा तशी अवघड असते.”

“एकोणीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचतेय. तुमची भाषा काय मोठी लागून गेली?”

पाच महिने त्यांनी रोज माझं डोकं खाल्लं, पण शिकल्या. लेबलं काढणारा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला. बारकोडच्या काळ्या रेघा मात्र त्यांना काढाव्या लागल्या नाहीत. ते काम जगात कुठल्यातरी भल्या माणसाने आधीच करून ठेवलं होतं आणि वाटेल त्याने वापरावं म्हणून मोकळं सोडलं होतं. अशा परक्याने लिहिलेल्या तयार सामानाला मॉड्यूल म्हणतात. ते एकदा आपल्या मशीनवर आणून ठेवायचं, मग प्रोग्राममध्ये नुसती नावाने हाक मारायची. त्या मॉड्यूलचं नाव होतं ‘बारकोड’. ताईंना फार आवडलं. “हाक मारली की येतो? आमच्या इलेक्ट्रिशियनपेक्षा बरा.”

त्यांचा प्रोग्राम पाहून मॅडम जरा विरघळल्या. म्हणाल्या, “शुक्रवारी बारा वाजता चाळीस नळ्यांची लेबलं काढून दाखवा. निघाली तर तुम्हीच सांभाळा. नाहीतर मी कंपनीच्या कागदावर सही करते.” गुरुवारी दुपारी आम्ही चाळीसच्या चाळीस लेबलं काढून पाहिली. फर्स्ट क्लास निघाली. मी निश्चिंत घरी गेलो.

शुक्रवारी सकाळी नऊला एकही लेबल निघेना. पडद्यावर लाल अक्षरात एकच तक्रार येत होती, की ‘बारकोड’मध्ये तुम्ही मागताय ते काम नाही.

“ताई, काल मी गेल्यावर काय केलंत?”

“काही नाही हो. जरा आवरलं.”

बायकांचं आवरणं हा माझ्या घरातलाही जुना विषय आहे, म्हणून मी तिकडे लक्षच दिलं नाही. ही माझी चूक, आणि ती मी बारा वाजेपर्यंत कबूल करणार नव्हतो. मी ते मॉड्यूल काढून टाकलं, पुन्हा आणलं. मशीन बंद करून चालू केलं. मॉड्यूल तिसऱ्यांदा आणलं. आहे तिथे, डोळ्यांना दिसतंय, आणि तरी तीच लाल ओळ! अकरा वाजता माझा तिळपापड झाला. मी भाषेला, ती लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मास्तरांना शिव्या घातल्या. साडेअकराला टायवाला येऊन कोचावर बसला आणि कागद गुडघ्यावर सरळ करायला लागला. ताईंच्या पगाराचा विचार मी पाच महिने टाळला होता, तो आता समोर येऊन बसला.

ताई मात्र पडद्यावरची ओळ वाचत होत्या. बोट ठेवून, डॉक्टरांचं अक्षर लावावं तशी.

“अहो कॉम्प्युटर, हा ‘बारकोड सापडला नाही’ असं कुठे म्हणतोय?”

“एकच आहे ते, ताई.”

“एकच कसं? सापडलाय म्हणतोय. पण आलाय त्याला काम येत नाही म्हणतोय.” त्यांनी एकदम कपाळावर हात मारून घेतला. “अगंबाई! आमचा दादा आला!”

“कोण आलं?”

“अहो, खालच्याला हाक मारली आणि घरचा उठून आला! विचारा बरं तुमच्या भाषेला, कुठला बारकोड धरून आणलाय?”

मी विचारलं. भाषेने पत्ता छापला. तो पत्ता ताईंच्या स्वतःच्या फोल्डरचा होता.

झालं होतं ते असं. ताईंच्या सरावाच्या फायलींना ‘नवीन’, ‘नवीन दोन’ अशी नावं होती. बिननावाची वस्तू त्यांना सहन होत नाही. गुरुवारी त्यांनी प्रत्येक फायलीला व्यवस्थित नाव दिलं. तपासण्यांचे आकडी कोड ज्या फायलीत होते, तिला दिलं ‘बारकोड’. आणि ही भाषा हाक आली की आधी प्रोग्रामच्या स्वतःच्या घरात बघते, मग भाषेच्या स्वतःच्या सामानात, आणि सगळ्यात शेवटी बाहेरून आणलेल्या मॉड्यूलांच्या कपाटात. त्या नावाचं पहिलं कुणी भेटलं की शोध बंद. कपाटातला बारकोड मी दोनदा पुसून ठेवला, पण त्याच्यापर्यंत हाक पोचतच नव्हती.

ताईंनी आपल्या फायलीचं नाव बदललं. बाराला पाच कमी असताना पहिलं लेबल निघालं आणि माझा जीव भांड्यात पडला.

मॅडमसमोर चाळीस निघाली. “सकाळपासून काय अडलं होतं?” त्यांनी विचारलं. मी घसा साफ करून जड शब्द जुळवायला लागलो, तोवर ताईंनी दोन्ही दादांची गोष्ट सांगून टाकली. मॅडम हसल्या. पण टायवाला काही कच्चा नव्हता.

“बघा मॅडम, घरचं आधी धरलं म्हणूनच अडलं ना? म्हणून म्हणतो, कामाला बाहेरचाच माणूस बरा.”

त्याचं म्हणणं तसं बरोबर होतं. मॅडमनी ताईंकडे पाहिलं. “त्या घरच्या फायलीचं काय केलंत? काढून टाकलीत?”

“नाही हो मॅडम. काढायची कशाला? तिचं काम ती नीट करत होती. नावाची चूक होती, नाव बदललं.”

मॅडमनी ताईंच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं. त्यावर लिहिलं होतं, ‘लेखनिक’. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि टायवाल्याचा कागद त्याच्याकडे सरकवला.

“ताई, ते कार्ड बदलून घ्या. लेबल विभाग प्रमुख.”

मी लगेच म्हणालो, छापून देतो, आत्ता मशीन चालू आहे. ताईंनी कोरं कार्ड माझ्या हातातून घेतलं. “असू द्या. हे मी लिहिते.”

आणि त्यांनी ते लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर वळवत. मग शाई वाळावी म्हणून त्यावर फुंकर घातली. त्या लॅबमध्ये हाताने लिहिलेलं ते शेवटचं लेबल.