ताटातले डोळे

माझा काका मुंबईत माझगावला एका किरिस्ताव घरी स्वयंपाकाला होता. एकदा त्याने गाववाल्याबरोबर पोलादपूरला आमच्या वाडीवर एक तसबीर पाठवली. त्या लोकांच्या कुठल्याशा चारपाचशे वर्षांपूर्वीच्या चित्राची छपाई होती ती. सोनेरी उजेडात उभी तरणी बाई, एका हातात झावळी, दुसऱ्या हातात ताट आणि ताटात दोन डोळे. झावळी वारा घालायला, असं आईने ठरवून टाकलं. डोळ्यांचं तर तिला कोडंच पडलं नाही. आमच्याकडे डोळे बरे झाले की देवीला चांदीचे डोळे वाहतात. तेव्हा ही पावणारी देवी. तसबीर देवांशेजारी लागली आणि आई नवस बोलली, ताईचं लग्न जमू दे, तुला चांदीचे डोळे वाहीन.

जमलंही. उमरठकडचा बिजवर, वडिलांच्याच वयाचा. बघायला आला तेव्हा म्हणाला, "पोरीचे डोळे बरे हायत." बाकी ताईत त्याने काही पाहिलं नसावं. सुपारी फुटली त्या दिवसापासून ताई बोलेनाशी झाली, आणि मला सोडून घरात कुणाला त्याचं काही वाटेना.

शिमग्याला काका स्वतः आला. तसबिरीपुढची उदबत्ती बघून हसत सुटला. "वयनी, हिला कसला लग्नाचा नवस! हिला लगीनच करायचं नव्हतं. मागणी घालणारा डोळ्यांवर भाळला, तर हिने डोळे काढून त्याला धाडले. पुढं तिला मारून टाकलं, पण बधली नाय."

आईने घाईने उदबत्ती विझवली. ताई मात्र तसबिरीजवळ गेली.

"पण काका, हिच्या तोंडावर तर डोळे हायत."

"देवाने परत दिले, असं म्हणतात."

"परत दिले?"

तिने ते इतक्या आशेने विचारलं, की मी तिच्या डोळ्यांकडेच बघत राहिले. मी सुया लपवल्या, कोयती माळ्यावर टाकली, विळीवर मीच बसू लागले. ताई परसात गेली की मी मागोमाग. ती चिडायची, मी हटायची नाही. भीती बोलून दाखवली तर खरी होईल असं वाटायचं.

शेवटी सुया कुठे गेल्या म्हणून आईने मला धरलं. मी रडत रडत सगळं सांगितलं. तिने हात पुसले आणि अंगणात वडिलांपुढे जाऊन उभी राहिली.

"ह्ये लगीन मोडा."

कारण ऐकून वडील खवळले. दिलेला शब्द मोडायचा, तो एका कागदाच्या चित्रापायी?

"चित्राचं नाय सांगत," आई म्हणाली. "त्या बाईला डोळे परत द्यायला देव होता. माझ्या पोरीला आपल्याबिगर कोण हाय?"