दिवा विझेपर्यंत थांबायचं नाही!

तळेरे तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथं, गॅरेज टाकलं की एक गोष्ट आपोआप होते. देवगडला निघालेला, विजयदुर्गाहून आलेला, मुंबईला चाललेला असा प्रत्येक जण गाडी उघडी पडलेली असताना बाकड्यावर बसतो आणि बोलतो! गाडी जाते, बोललेलं मागे राहतं. त्यात दोन हजार आठ-नऊच्या सुमारास धुराचा फिल्टर असलेल्या परदेशी डिझेल गाड्या आमच्याकडे यायला लागल्या, आणि मग तर विचारूच नका.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मेहुणा विलास. विलासचा एकच हट्ट. "पार्ट बिघडलो ह्या आधी सिद्ध करूचा, मगेच बदलूचो!"

*

पहिली तसली गाडी देवगडच्या एका हॉटेलवाल्याची. तक्रार एवढीच, की चढाला ओढत नाही.

विलासनं सवयीनं सायलेन्सरात बोट घातलं. बोट स्वच्छ! पुसून पुन्हा घातलं. तरी स्वच्छ!

"भावजी, ही पेट्रोलची गाडी आसा."

टाकीचं झाकण काढून वास घेतला. चक्क डिझेल.

"मगे धूर जाता खंय?"

शेवटी पुण्याच्या एका वर्कशॉपमधल्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, सायलेन्सरच्या वाटेवर एक फिल्टर असतो. तो काजळी अडवून ठेवतो, आणि गाडी लांब पळून तापली की ती काजळी आतल्या आत जाळून टाकतो. जळली नाही तर फिल्टर तुंबतो आणि इंजिनचा दम कोंडतो.

विलास म्हणाला, "म्हणजे सोताचो कचरो सोताच जाळता? भावजी, ही गाडी आधी ग्रामपंचायतीक दाखवया!"

*

बापू आंबा-बागायतदार. त्यांच्या गाडीत डॅशबोर्डवर फिल्टर तुंबल्याचा दिवा सारखा पेटायचा. दुसऱ्या एका गॅरेजनं फिल्टरच बदला म्हणून सांगितलं होतं. विलास हटून बसला. गाडीखाली आडवा झाला आणि एकेक नळी चाचपत गेला.

फिल्टरमागचा दाब मोजणाऱ्या सेन्सरला एक रबरी नळी असते. ती उंदरानं कुरतडलेली! फिल्टर ठणठणीत, फक्त सेन्सर बिचारा खोटं सांगत होता. बापू गाडी ठेवायचे आंब्याच्या गोदामात, पेंढ्याच्या शेजारी. उंदरांना आणखी काय हवं?

नळी बदलली. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा बदलली.

तिसऱ्यांदा बापू आले ते हसत हसत. शेजारच्या सीटवर एक धष्टपुष्ट बोका.

"नळी तू घाल. बाकीचो पार्ट मी घेवन इलंय!"

*

एक बँक मॅनेजर होते. त्यांची गाडी हायवेवरून कितीही पळवली तरी काजळी जळेना. बाकी सगळे त्यांना म्हणत होते, गाडी विकून टाका. विलास म्हणाला, "कारण गावल्याशिवाय मी सोडूचंय नाय."

भर मे महिन्यात आम्ही तिघं निघालो. मी गाडी चालवतोय, विलास शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन इंजिनचं तापमान बघतोय, मॅनेजर मागे. तपासणीत अडथळा नको म्हणून एसी बंद.

विलास आपला दर थोड्या वेळानं, "थंड आसा... अजून थंड... भावजी, थंडच आसा हां!"

नांदगाव मागे पडलं आणि मागून घामाघूम झालेला आवाज आला, "अहो, कसलं थंड? निदान काच तरी उघडा हो!"

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनच्या पाण्याची झडप, उघडाच अडकला होता. त्यामुळे इंजिन पुरेसं तापतच नव्हतं आणि जळण्याचं काम सुरूच होत नव्हतं. नवा घातला, त्याच रस्त्यानं परत गेलो, दिवा विझला. मॅनेजर मात्र त्या दिवशी पुन्हा गाडीत बसायला तयार नव्हते!

*

दाजी दशावतारात राजाची कामं करायचे. एके दिवशी गॅरेजात राजासारखेच शिरले.

"सगळ्यांची गाडी ऑइल पिता. माझी ऑइल देता! दर खेपेक पट्टी बघतंय, वाढलाला!"

विलासनं ऑइलची पट्टी ओढली, वास घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. काजळी जाळायला गाडी जास्तीचं डिझेल सोडते. दाजी दर वेळी अर्ध्यावरच इंजिन बंद करायचे, आणि न जळलेलं डिझेल खाली ऑइलात उतरायचं. असंच चालू राहिलं असतं तर इंजिन गेलं असतं.

हे सगळं समजावून सांगितल्यावर दाजी खुर्चीत बसले ते एकदम खचून.

"म्हणजे देव पावलो नाय?"

*

हा प्रसंग मात्र हसण्यासारखा नव्हता.

फिल्टरमधली काजळी जळत असताना गाडीचं पोट भयंकर तापतं. एका गिऱ्हाइकाची गाडी मी विलासला घेऊन लांब पळवून आणली आणि त्याच्याच घराशी, खळ्याच्या कडेला वाळल्या गवतावर उभी केली. पाणी प्यायला आत जातो न जातो तोच धूर! पलीकडे भाताच्या पेंढ्याची उडवी, तिला लागून गोठा, आणि गोठ्यात गाभण गाय.

घरातली माणसं कळशा घेऊन विहिरीकडे धावली. विलास गाडीकडे धावला! खाली गवत पेटलेलं असताना आत बसला, चावी फिरवली आणि गाडी सरळ कापलेल्या मळ्यात, ओल्या चिखलात घातली. गवत विझवलं, गाय सोडवली.

घरातली आजी विलासला म्हणाली, "बरो मेकॅनिक आसस रे! दुरुस्त करून रुतवलंस!"

*

आणि शालिनीकाकी.

नांदगावात काकींचा काजूचा कारखाना. पूर्वी स्वतः टेम्पो चालवत माल पोचवायच्या. मुलगा जहाजावर, त्यानं आईसाठी परदेशी गाडी घेऊन दिली. काकी ती फिरवायच्या घर ते कारखाना आणि कारखाना ते स्टेशन. फिल्टरचा दिवा पेटायचा आणि काकी तणतणत गॅरेजात!

सगळं तपासलं. दोष काहीच नाही. मी म्हटलं, "काकी, गाडयेक लांब पळवा. आठवड्यातसून एकदा खारेपाटणाक जावन परत. मधी थांबाचा नाय."

काकी एकदम गंभीर. "खारेपाटणाकच कित्याक? कणकवलीक जातंय."

"थंय बाजाराची गर्दी. पावलापावलाक ब्रेक."

काकींनी चावी उचलली आणि गेल्या. विलासनं मग सांगितलं. खारेपाटणात काकींची धाकटी बहीण सुमन, घर अगदी हायवेला लागून. आईच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून दोघींचं वाजलं, आणि आईच्या बाराव्यापासून बोलणं बंद.

तरी काकी जायला लागल्या. दर मंगळवारी. दिवा काही पुरता विझेना, म्हणून एकदा मी स्कॅनर घेऊन बरोबर बसलो. बहिणीच्या घरावरून जाताना काकींची मान ताठ, नजर समोर. पडवीत एक बाई उभी राहून बघत होती.

पुढे वळून परत आलो, तर ती बाई हात वर करून रस्त्याच्या कडेला!

काकींनी वेग कमी केला, पण गाडी थांबवली नाही. सुमनमावशी खिडकीशेजारून अनवाणी चालायला लागली.

"दर मंगळवारी माझ्या दारावरसून जातंस! थांबाक काय होता तुका?"

"थांबाचा नाय म्हणान मेकॅनिकान सांगल्यान हा!"

मावशीनं वाकून माझ्याकडे पाहिलं. "तू सांगलंस?"

"व्हय, म्हणजे... तो फिल्टर..."

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. चालत्या गाडीचं मागचं दार उघडलं, आत बसली आणि दार आपटलं.

"चल तर मगे!"

मी स्कॅनरवरचे आकडे बघत राहिलो. मागून एकदा नाक ओढल्याचा आवाज आला. काकींनी आरसा थोडा खाली केला.

तळेरे दिसायला लागलं आणि दिवा विझला. माझा जीव भांड्यात पडला.

"झाला, काकी! काजळी जळली सगळी. आता थांबलात तरी चलात."

काकींनी आरशात पाहिलं. मग तिठ्यावर नांदगावचा सरळ रस्ता सोडून गाडी देवगडच्या रस्त्याला वळवली.

"गप बस तू. अजून काजळी आसतली."