कडू लागतंय

साथीच्या वॉर्डात तिला सगळे कारलेमावशी म्हणतात. नव्या नर्सेसना ते तिचं आडनाव वाटतं, आणि तीही खुशाल वाटू देते. खरं तर ती पदवी आहे. एका साहेबाने चारचौघांत रागाने दिलेली आणि तिने आनंदाने घेतलेली.

मावशींचा चेहरा एवढासा. आई म्हणायची, पोरीला तोंड बशीएवढं दिलंय आणि जीभ परातीएवढी. या जिभेपायी घरात कितीदा महाभारत झालं ते सोडा, पण हीच जीभ पुढे कामाला आली. दवाखान्यात मावशी आयाचं काम करीत. खोकणाऱ्याला उठवून बसवायचं, पाठ चोळायची, भांडं धरायचं, चादर बदलायची. डॉक्टर रोग्यापाशी उभे राहतात पळभर. आया त्याच्या तोंडाशी तोंड लावून दिवस काढते.

म्हणून तर मास्क. आणि मास्क नीट बसतो का हे बघायला वर्षातून एकदा चाचणी. मास्क लावून स्टुलावर बसायचं, डोक्यावर प्लास्टिकची टोपडी चढवायची आणि साहेबाने टोपडीच्या भोकातून कडू पाण्याचा फवारा मारायचा. मास्क घट्ट असेल तर जिभेला काही कळत नाही. फट असेल तर तोंड कडू होतं. कडू पाणी आत आलं म्हणजे रोग्याचा खोकलाही आत येणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

पण गंमत अशी, की त्या दवाखान्यात कधी कुणाला कडू लागतच नसे. ज्याला लागलं तो नापास, नापास तो वॉर्डाबाहेर, आणि कंत्राटी बाई वॉर्डाबाहेर गेली की दवाखान्याबाहेरच गेली. साहेबही मोठा गोड माणूस. टेबलावर पेपरमिंटची वाटी ठेवी. "घ्या, घ्या, तोंडात टाका, मग बसा." जीभ अशी गारठायची की कारल्याचा रस पाजला तरी कळला नसता. बायका मूग गिळून बसत, म्हणजे पेपरमिंट चघळत.

मावशींना या कामावर लावलं त्यांच्या नणंदेने. वन्सं याच वॉर्डात वर्षानुवर्षं आया होत्या. कडक बाई, नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. त्याच वन्सं आता खिडकीपाशी बसून असत. वॉर्डातला आजार छातीत शिरला, बरा झाला, पण जाताना श्वास घेऊन गेला. स्वयंपाकघरापर्यंत जायचं तर मध्ये दाराची चौकट धरायला लागायची. दवाखान्याने हात वर केले. आजार बाहेरून आणला असेल, म्हणाले, तुमची मास्कची चाचणी तर पास आहे!

यंदाच्या चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मावशी भाजी निवडत होत्या. वन्सं मध्येच म्हणाल्या, "वहिनी, उद्या पेपरमिंट खाऊ नकोस."

"का हो, वन्सं?"

"मला लागलं होतं कडू. पार घशापर्यंत. मी नाही म्हटलं."

मावशींच्या हातातली जुडी हातातच राहिली. नणंदेला उलट बोलण्याची एकही संधी त्यांनी आजवर सोडली नव्हती. त्या दिवशी मात्र त्या उठून वन्संच्या शेजारी जाऊन बसल्या. नवरा आतून म्हणाला, "उगाच नसतं झेंगट नको. नाही म्हण आणि मोकळी हो." मावशींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पाणी प्यायला निघून गेला.

सकाळी साहेबांच्या खोलीपाशी बायकांची रांग लागली. मावशींनी वाटी दूर सारली आणि टोपडी चढवून घेतली.

"बोला काहीतरी मोठ्याने," साहेब म्हणाले. बोलताना जबडा हलतो आणि फट असेल तर उघडी पडते, म्हणून ते बोलायचं. बाकीच्या आकडे म्हणत. मावशी म्हणाल्या, "बोलते की! कडू लागतंय."

साहेबांनी पट्टे ओढले. पुन्हा फवारा.

"कडू लागतंय."

"मावशी, पेपरमिंट घेतली नाहीत का?"

"तोंड गोड करायला आलेय का मी?"

साहेब खाली वाकले, आवाज उतरवला. "नापास लिहावं लागेल मला. घरी बसाल."

"लिहा ना. पण माझ्या नावापुढे नको, मास्काच्या नावापुढे लिहा. परीक्षा त्याची आहे, माझी नाही. माझी जीभ तर पहिल्या नंबराने पास झाली!"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. तिथे साहेबांचा पारा चढला. "एकच माप येतं, मावशी! सगळ्यांना बसतं, तुम्हालाच बसत नाही? म्हणतात ना, कडू कारलं, तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच. उद्यापासून येऊ नका!"

"उद्याचं उद्या," मावशी म्हणाल्या आणि दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. खाली वॉर्डात एक आजोबा होते, मावशींच्या हातूनच पाणी पिणारे. ते आता दाराकडे डोळे लावून असतील, हे मावशींना ठाऊक होतं. जीव तुटत होता त्यांचा. तरी त्या उठल्या नाहीत.

त्यांच्या मागे कपडे धुणारी होती, अंगाने थोराड, चेहऱ्याने बारकी, स्वभावाने भित्री. ती स्टुलावर बसली, तोंडात नुकतीच टाकलेली पेपरमिंट काढून तळहातावर ठेवली आणि टोपडी घातली. फवारा झाला.

"लागतंय हो, साहेब," ती जवळजवळ रडत म्हणाली. "कडू लागतंय."

तिच्या मागची म्हणाली. तिच्याही मागची म्हणाली. दोघीतिघींना खरंच लागलं नाही, त्यांनी तसं सांगितलं आणि त्या कामाला गेल्या. आजोबांना पाणी मिळालं. बाकीचा बाक मात्र भरून गेला, आणि वॉर्डात चादरी तशाच राहिल्या. शेवटी मोठ्या नर्सबाई धावत आल्या. कशावरून अडलंय ते ऐकलं आणि म्हणाल्या, "लहान माप डॉक्टरांच्या कपाटात पडलंय की!"

"ते डॉक्टरांसाठी आहे," साहेब म्हणाले.

"रोग हुद्दा विचारून शिरतो का?" बाकावरून मावशींचा आवाज आला.

कपाट उघडलं. लहान मास्क आले. मावशी पुन्हा स्टुलावर बसल्या, आणि टोपडीत त्यांनी साहेबांच्या वाटीपासून स्वभावापर्यंत सगळं मोठ्याने बोलून घेतलं. जबडा भरपूर हलला. फवारा झाला.

"लागतंय?"

मावशींनी त्यांना जरा ताटकळत ठेवलं. मग म्हणाल्या, "नाही."

संध्याकाळी एक कोरा मास्क त्यांनी घरी आणला. वन्संनी तो हातात घेतला, उलटसुलट केला, आपल्या सुकलेल्या चेहऱ्याला लावून पाहिला. कडेने बोट फिरवलं. कुठे फट नव्हती.

"मला बसला असता गं," त्या म्हणाल्या.

मावशींना हुंदका आवरेना. वन्संनी मास्क काढला, घडी करून मांडीवर ठेवला. "रडायला काय झालं? सकाळी मला घेऊन चल."

"कुठे?"

"साहेबाकडे."

साहेबांची खोली वरच्या मजल्यावर. वन्संनी कुणाला हात लावू दिला नाही. पायरी चढायची, कठडा धरायचा, श्वास गोळा करायचा, मग पुढची पायरी. मागून येणारे थांबले, वरून उतरणारे भिंतीला लागून उभे राहिले. मावशी नुसत्या बरोबर चढत होत्या.

साहेब कुणाची तरी चाचणी घेत होते. टेबलावरची वाटी गेली होती. वन्संना बघून ते उठून उभे राहिले. वन्सं स्टुलावर बसल्या आणि दम परत येईपर्यंत त्यांनी सगळ्या खोलीला थांबवून ठेवलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "माझा पास खोडा. मला कडू लागलं होतं."