पितरांच्या वाटणीची खीर

बेलापुरात श्राद्धाला ब्राह्मण हवा असला की लोक आधी मार्तंडभटांकडे जात. त्यांचं पोट बघूनच यजमानाची खात्री पटे, की आपले वाडवडील आज काही उपाशी परतत नाहीत. पहिल्या वाटीभर खिरीला ते 'चव बघणं' म्हणत. जेवण त्यानंतर सुरू होई.

अलीकडे मात्र ओट्याची पायरी चढली तरी त्यांना धाप लागे. आडवं झालं की दम कोंडे, म्हणून भिंतीला टेकूनच झोपत. मोरीत मुंग्यांची रांग दिसली, तशी पत्नी इंदूताईंनी त्यांना नगरच्या डॉक्टरांकडे नेलंच.

"मधुमेह आहे," डॉक्टर म्हणाले. "त्यात हा देह! हृदय म्हणजे स्नायूच हो, भटजी. पखालीच्या रेड्यासारखा रात्रंदिवस ओझं वाहतोय. रक्तातल्या साखरेनं तो आतून नासलाय, फुगून ढिला पडलाय. पायांची सूज त्याचीच. गोड बंद, पोट निम्मं. नाहीतर रेडा वाटेतच बसेल."

घरी मार्तंडभट मुकाट्यानं भाकरी-मेथीवर आले. तरी सूज उतरेना. इंदूताई पोटरीवर अंगठा दाबत. खळगा तसाच राही.

"पितृपक्षात बाहेर काय खाता हो?"

"मी कुठं खातो? पितर जेवतात. मी नुसता पोचवणारा."

"मग सूज पितरांच्या पायांना का नाही येत?"

हसता हसता त्यांना असा खोकला आला, की इंदूताईंचं हसू जागीच विरलं.

पंचमीला नृसिंह मास्तरांचं श्राद्ध होतं. त्यांचा मुलगा सुमंत पानात वाढत होता, मास्तरांच्या पत्नी प्रेमलाबाई दाराआडून बघत होत्या. दुसऱ्या वाटीला मार्तंडभटांच्या छातीवर काहीतरी जड येऊन बसलं. घास तोंडातच फिरू लागला.

"तृप्त झालात ना?" सुमंतनं रीतीप्रमाणे विचारलं.

हो म्हणावं तर मास्तर अर्धपोटी जाणार; नाही म्हणावं तर रेडा बसणार.

"तृप्त," ते कसेबसे म्हणाले. वाटी अर्धी तशीच होती.

"भटजी, एवढ्यात? बाबांना खीर किती आवडायची!" सुमंतनं पळी पुढं केली.

"राहू दे, सुमंत." प्रेमलाबाई पुढं आल्या होत्या. त्यांची नजर पाटाबाहेर आलेल्या सुजलेल्या पावलांवर होती. "हेसुद्धा शेवटी असेच भिंतीला टेकून झोपायचे. पाय असेच झालेले. आणि मी मेली, अशक्तपणा म्हणून रोज खीर करून घालत होते."

मार्तंडभटांनी पाय धोतरात ओढून घेतले.

घरी आल्यावर ते आपणहून पाय पुढं करून बसले. इंदूताईंनी अंगठा दाबला.

"आज पितर जेवले का?"

"नाही गं. आज मीच होतो पानावर."

पोटरीवरचा खळगा भरायची वाट बघत दोघं कितीतरी वेळ बसून राहिली.