शाळेच्या बाईंचं घर

“आई, फक्त सही मागतोय. घर विकून टाक असं नाही म्हणत!” डुएननं आयकराचा कागद पुन्हा तिच्यापुढे सरकवला.

आर्डिसनं मान वर केली नाही. लॉबस्टर पकडायच्या पिंजऱ्याचं जाळं विणत ती खिडकीशी बसली होती. नवरा होता तोवर तिनं त्याच्या बोटीवर आमिषं भरली. तो गेल्यापासून बेटावरच्या निम्म्या पिंजऱ्यांची जाळी तिच्याच हातची.

“त्यात काय लिहिलंस ते मोठ्यानं वाच.”

“टेकडीवरचं घर धंद्यासाठी भाड्यानं दिलंय. म्हणजे छपराच्या दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वजा. तुला कर लागतच नाही.”

“धंदा? शाळेच्या बाई म्हणून हॅनाकडून मी जे नावापुरतं भाडं घेते, त्याला धंदा म्हणतोस? धक्क्यावरचे सीगल हसतील.”

“हसू देत! नफ्यासाठी नाही म्हटलंस, तर भाडं सगळं मिळकतीत धरतात आणि छपराचा एक सेंटही वजा होत नाही. पदरचं घालायचं आणि वर करही भरायचा?”

“मग खराच धंदा करू या की, आई,” सून लोर्ना दर शनिवारी ओव्हनमध्ये शिजणाऱ्या राजम्यात डोकावत म्हणाली. “जून लागला की घर उन्हाळी पाहुण्यांना द्यायचं. सगळं बेट देतं. हॅना तोवर धक्क्यावरच्या खोपटात राहील. कोण मरतंय त्यानं?”

आर्डिसचा हात थांबला. त्या खोपटात तिचं बालपणच गेलं होतं. दर जूनला आई गाद्या हातगाडीवर घालायची आणि स्वतःच्याच घराची किल्ली बोस्टनच्या बायकांच्या हाती द्यायची. सप्टेंबरात शाळा उघडली तरी आर्डिसच्या वेण्यांना खारवलेल्या हेरिंग माशांचा वास यायचा. माझं घर जूनमध्ये रिकामं होणार नाही, हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं.

“डुएन, दुसरीत असताना तुला मामाकडे का धाडलं होतं?”

“आता ते कशाला?”

“सांग.”

“शाळा बंद होती म्हणून.”

“का बंद होती?”

डुएननं लोर्नाकडे पाहिलं. “मास्तर पळाले. उन्हाळ्यात त्यांना जागा दिली नाही कुणी.”

“तू बोटीत रडत बसला होतास आणि मी धक्क्यावर हात हलवत उभी. तुझ्या बापानं त्या हिवाळ्यात टेकडीवरचं घर बांधायला घेतलं. पाया मी खणला त्याच्याबरोबर. तेव्हापासून शाळा एक दिवस बंद नाही. तुझी पोरं कुठं शिकतात?”

“इथंच,” लोर्नाच म्हणाली, हळू आवाजात.

“पण कर भरावा लागेल, आई,” डुएन पुटपुटला.

“भरीन की. घर माझं आहे आणि नफ्यासाठी नाही, हे सरकारलाही कळू दे. आजवर कुणी विचारलंच नव्हतं.”

तिनं जाळ्याची शेवटची गाठ दातांनी ओढली, जाळं खुंटीला अडकवलं आणि उठली.

“हा कागद फाड, दुसरा लिही. भाडं सगळं मिळकतीत धर, छपराचा खर्च काढून टाक. हॅना जूनमध्ये कुठंही जाणार नाही. लोर्ना, राजमा वाढ.”