मंगळवारचे मतदान

काजू भाजल्याचा वास आला की मला धामापूरचे एक अंगण आठवते. पंचवीस वर्षांपूर्वी संसदेच्या इतिहासावरच्या एका पुस्तकासाठी मी जुन्या कर्मचाऱ्यांच्या आठवणी टिपत होतो. तिथले आबा तीस वर्षे दिल्लीत सभागृहातली भाषणे लघुलिपीत उतरवून घेत. भाजलेले काजू फोडता फोडता त्यांनी एका वादळी मतदानाची हकिगत सांगितली.

मी वार विचारला. “मंगळवार,” ते म्हणाले. छापील कार्यवृत्तात सोमवार होता. मी ते पान त्यांच्यापुढे धरले.

“त्या कागदाक काय विचारतंस? मतदान झाला तेवा मंगळवार लागललो. मी हातान लिवलंय!” ते हसले. मग हळूच म्हणाले, “पुस्तकात माझा नाव येतला मा रे?”

“येईल की,” मी म्हणालो. घरी आल्यावर मात्र मी त्यांच्या मुलाखतीवर ‘तारीख जुळत नाही’ असा शेरा मारला आणि ती पूर्ण गाळली.

कित्येक वर्षांनी मला कळले, की बैठक मध्यरात्र उलटून चालली तरी छापताना ती सुरू झाली त्याच दिवसाची तारीख घालतात.

मी धामापूरला गेलो. आबा राहिले नव्हते. त्यांची सून म्हणाली, “मामंजींनी पुस्तक मुद्दाम मागवल्यानी. नाव काय गावला नाय. म्हणत, तो मुलाखत घेवक इल्लो झील प्रामाणिक दिसलो, छापखान्यानच गाळला असतला.”

तिने दिलेला चहा मी प्यालो. छापखान्याचा काही दोष नव्हता, एवढेसुद्धा मला तिला सांगवले नाही.