नातीच्या अर्जातलं वाक्य

नातीला रांजणगावच्या कंपनीत नोकरीचा अर्ज द्यायचा होता. शिरूरच्या क्लासातल्या सरांनी तो इंग्रजीत लिहून दिला. मी म्हटलं, मराठीत सांग. ती सांगू लागली, “तीन वर्षं दौंडच्या एसटीत उभं राहून कॉलेजनं मला चिकाटी शिकवली.”

“एसटीत कोण उभं होतं? तू का कॉलेज?”

“आबा, सर म्हणतात इंग्रजीत चालतं.”

मला शिसारी आली. मी दुसरीतून शाळा सोडली, पण भाकर खाऊन ताट झोपलं, असं कधी बोललो न्हाई. आन् हा शिकलेला माणूस पोरीचे दुखलेले पाय कॉलेजला देऊन बसला.

तिनं ते खोडून इंग्रजीतच ‘मी उभी राहिले’ अशा अर्थाचं लिहिलं. सरांना दाखवायला मी तिला जाऊ दिलं न्हाई. तोच अर्ज कंपनीत गेला.